बरं झालेल्या पाठीचं दुखणं

पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "आता कसं वाटतंय?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणतात, "चला, सुटलात एकदाच्या!" सुरुवातीचे काही आठवडे मीही मान डोलावत होते. टाके भरले, कमरेचा पट्टा सुटला, बँकेत पुन्हा रुजू झाले. पण कमरेतून निघून उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगानं पोटरीत, तिथून पावलावर आणि थेट अंगठ्यापर्यंत जाणारी कळ होती तिथंच होती. सकाळी चटके बसायचे, दुपारी ठणका लागायचा आणि रात्री पावलावर पांघरूण टेकलं तरी सोसवत नसे.

माझं हे दुसरं ऑपरेशन. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबली होती. फिजिओथेरपी, शेक, कमरेतली इंजेक्शनं सगळं करून झालं, तेव्हा पहिल्यांदा गादीचा सरकलेला तुकडा काढला. काही काळ बरा गेला आणि दुखणं परतलं. मग स्क्रू-रॉड घालून मणके जोडले. त्यानंतरच्या तपासणीत सर्जननी एमआरआयची फिल्म लावून मला आणि ह्यांना दाखवली. नस मोकळी झालेली, स्क्रू जागच्या जागी. त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक गोष्ट दाखवली आणि मलाही ती दिसली. त्यांचं काम चोख झालं होतं आणि माझा पाय दुखत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे लोकांना पटवताना जेवढी दमणूक झाली तेवढी ऑपरेशननंही झाली नव्हती.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतरही दुखणं राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात 10 पासून 40 पर्यंत सांगितलेलं आहे. इतकी वर्षं डॉक्टर त्याला 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' म्हणत आले. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप 2' असं नवं नाव सुचवलं. कारणं अनेक असतात. कधी निदानच चुकलेलं असतं, कधी ऑपरेशनच्या जागी तयार झालेला व्रणाचा कठीण पापुद्रा नसेला धरून बसतो. आणि कधी नस इतका काळ दबलेली असते की मोकळी झाल्यावरही ती दुखण्याचे संदेश पाठवतच राहते. त्या सततच्या माऱ्यानं मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात. साध्या स्पर्शाचंही दुखणं करून वर मेंदूकडे पाठवतात. माझ्या पांघरुणाचं हेच होत होतं. हे मला ज्या दिवशी नीट समजावून सांगितलं गेलं, त्या दिवशी दुखणं तसूभर कमी झालं नाही, पण रात्री झोपताना पावलाचा राग येणं थांबलं.

ऑफिसात, नातेवाइकांत, एका दवाखान्यातसुद्धा "मन दुसरीकडे गुंतवा" हा सल्ला फार ऐकला. घरात सासूबाई मात्र एकदाच बोलल्या. कुणीतरी माझ्यादेखत त्यांना म्हणालं, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत म्हणे." त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुखतंय म्हणते ना ती? मग दुखतंय." वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएएसपीनं, 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणांत हेही लिहिलं की माणूस आपल्याला वेदना होतेय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. चौथी शिकलेल्या सासूबाईंनी तो आधीच राखला होता. ते ऋण माझ्यावर आहे.

मुंबईतल्या एका पेन क्लिनिकमध्ये मला पहिल्यांदा 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर' हे नाव ऐकायला मिळालं. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर मागच्या बाजूला बारीक तारा सरकवायच्या, त्या कातडीखाली बसवलेल्या बॅटरीला जोडायच्या, आणि मंद विद्युत स्पंदनं देत राहायची. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट दोनदा सांगितली: "यानं काहीही दुरुस्त होणार नाही. नस आहे तशीच राहील. झालाच तर तिथून निघणाऱ्या संदेशात बदल होईल." इतकी वर्षं मला कुणी ना कुणी दुरुस्त करूनच देत होतं. त्यामुळे हे ऐकून मी सावरून बसले.

विजेनं दुखणं शमवण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या रुग्णाला समुद्रकाठी ओल्या वाळूत उभं करी आणि पाय बधिर होईपर्यंत विजेचा धक्का देणाऱ्या जिवंत टॉर्पेडो माशावर ठेवायला सांगे. पण ते का होत असावं याची आधुनिक मांडणी आली 1965 मध्ये. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात 'गेट कंट्रोल' सिद्धान्त मांडला. कोपर दाराला आपटलं की आपण ते लगेच चोळतो आणि थोडं बरं वाटतं. स्पर्शाचे संदेश नसांमधल्या जाड तंतूंमधून येतात, दुखण्याचे बारीक तंतूंमधून. दोघांची गाठ मज्जारज्जूच्या मागच्या भागात पडते. तिथं जणू एक फाटक आहे आणि जाड तंतू जोरात बोलू लागले की बारीक तंतूंसाठी ते काहीसं मिटतं, असं त्या दोघांचं म्हणणं. पुढच्या संशोधनात चित्र यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं निघालं, मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गांचाही वाटा दिसला, पण त्या फाटकावर विसंबून एका सर्जननं पुढचं पाऊल टाकलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये 1967 साली नॉर्मन शीली यांनी थॉमस मॉर्टिमर या तरुण अभियंत्यानं घडवलेलं उपकरण कर्करोगाच्या असह्य वेदना असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर बसवलं. रुग्ण त्यानंतर फार जगला नाही. पण त्याचं दुखणं कमी झालं होतं. त्या माणसाचा मी पुष्कळदा विचार करते. शेवटच्या घटकेला तो डॉक्टरांना "इथं जाणवतंय, आता कमी आहे" असं सांगत असेल, आणि त्याच्या त्या सांगण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

यंत्र बसवण्याआधी दोन गोष्टी होतात. एक, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. ही अट ऐकून मला धस्स झालं, "मनाचं आहे" हेच पुन्हा ऐकावं लागणार असं वाटलं. तसं काही निघालं नाही. त्या बाईंनी झोपेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, आणि मग विचारलं, "दुखणं निम्मं झालं तर त्या निम्म्यात काय करणार?" मला उत्तर देता येईना. दुखणं पूर्ण जावं एवढीच मागणी मी आजवर केली होती. घरी येऊन वहीत लिहिलं: उभं राहून पोळ्या करणं, पांघरूण घेऊन झोपणं, काउंटरवर बसून एक शिफ्ट पुरी करणं, नवश्या गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाणं. ही भेट प्रत्येकाची व्हावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रायल. कायमची बॅटरी आत बसवण्याआधी नुसत्या तारा आत घालून, बॅटरीची डबी बाहेर ठेवून, काही दिवस बघायचं. निम्मं तरी दुखणं कमी झालं तरच पुढे जायचं, नाहीतर तारा ओढून काढायच्या आणि विषय संपला. एवढ्या मोठ्या उपचाराची आधी अशी चाचणी घेता येणं ही मला यातली सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. मणके जोडण्याची चाचणी घेता येत नाही.

ट्रायलच्या दिवशी मला ऑपरेशन थिएटरमध्ये पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. थंडी इतकी की दात वाजत होते. कमरेच्या वर भुलीचं इंजेक्शन दिलं, पण मला जागं ठेवलं होतं. सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत डॉक्टरांनी पोकळ सुईतून तार आत घातली आणि ती हळूहळू वर, छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीपर्यंत नेली. तारेच्या टोकाला ओळीनं आठ बारीक धातूचे पट्टे असतात, त्यातला कुठला चालू ठेवायचा, कुठला बंद, हे बाहेरून ठरवता येतं. शेजारी एक तंत्रज्ञ मुलगा हातात टॅब घेऊन उभा होता.

"काकू, आता चालू करतोय. जाणवलं की सांगा."

आधी काहीच नाही. मग एकदम उजव्या बरगडीखाली मुंग्या. "इथं, पोटाच्या बाजूला."

"तिथं नकोय आपल्याला." तार किंचित मागे आली, किंचित मध्याकडे. "आता?"

"मांडीत. मांडीच्या मागं."

"खाली उतरतंय का?"

"गुडघा... पोटरीत येतंय थोडं."

मुलानं पट्टे बदलले. आणि मुंग्या पावलावर उतरल्या. जिथं चटके बसत होते नेमक्या त्याच वाटेनं, अंगठ्यापर्यंत. त्या कळेचा रस्ता मी इतकी वर्षं बोटानं काढून दाखवत आले होते. आज प्रथमच कुणी त्या रस्त्यानं माझ्यासोबत चालत होतं. मी "आलं" म्हटलं आणि माझा आवाज फुटला. डॉक्टर म्हणाले, "हलू नका, रडायचं असेल तर नंतर." ते प्रेमानंच म्हणाले. फिल्म, रिपोर्ट, मोजपट्टी यातलं काहीही तिथं कामाचं नव्हतं. दोन-चार मिलिमीटर इकडे की तिकडे, हे माझ्या शब्दावर ठरत होतं.

ट्रायलचे दिवस मी मुलुंडला धाकट्या बहिणीकडे काढले. पाठीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, हातात रिमोट. अंघोळ नाही, वाकायचं नाही, कंबर वळवायची नाही, हात उंच करायचे नाहीत, कारण तार अजून पक्की बसलेली नसते, सरकू शकते. वहीत दर काही तासांनी शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. पायाचं दुखणं साताठवरून तीन-चारवर आलं. कमरेचं फारसं हललं नाही. हे यंत्र पाठीपेक्षा पायाच्या दुखण्याला जास्त लागू पडतं असा जुना अनुभव आहे, माझ्या बाबतीत तो जसाच्या तसा खरा ठरला.

एका संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या पोळीला पावलात आग सुरू व्हायची आणि उरलेल्या मी स्टुलावर बसून करायचे. बहीण मागे खुर्ची धरून उभी होती, एक शब्द न बोलता. पिठाचा गोळा संपला. तवा उतरवून मागे पाहिलं तर तिच्या हाताची बोटं खुर्चीच्या पाठीवर आवळून पांढरी पडली होती. रात्री मी रिमोटनं यंत्र बंद करून बघितलं. थोड्या वेळात पाऊल पुन्हा पेटलं. चालू केलं, विझलं. मला वाटलं, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

पण हा पुरावा होत नाही, हे मला पुढे वाचताना कळलं, आणि त्याबद्दल मी इथं थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण यंत्र बसवायला निघालेल्या माणसाला ते कुणी नीट सांगत नाही. बंद केलं तेव्हा बंद आहे हे मला ठाऊक होतं. मुंग्या थांबल्या की कुणालाही कळणारच. जुन्या पद्धतीच्या स्पंदनांत हीच अडचण होती: रुग्णाला अंधारात ठेवून तुलना करणंच अशक्य. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेस' नावाच्या चाचणीत, जिचे प्रमुख कॅनडातले न्यूरोसर्जन कृष्ण कुमार होते, ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले 100 रुग्ण घेतले. निम्म्यांना यंत्र आणि नेहमीचे उपचार, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्म्यानं किंवा अधिक कमी झालेले यंत्राच्या गटात 48 टक्के होते, दुसऱ्या गटात 9 टक्के. फरक मोठा आहे. पण कुणाला काय मिळालंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वर्षभरात यंत्र लावलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना तार सरकणं, जंतुसंसर्ग अशा यंत्राशी संबंधित अडचणी आल्या.

पुढे मुंग्या न आणणारी स्पंदनं निघाली आणि खरी तुलना शक्य झाली. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या डॉक्टरांनी ती केली, 2022 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कमरेच्या ऑपरेशननंतर पायात कळ राहिलेले 50 रुग्ण, ट्रायलमध्ये सगळ्यांना आराम पडलेला, सगळ्यांच्या अंगात यंत्र. काही महिने ते चालू, काही महिने बंद, आणि कधी काय आहे हे त्यांना माहीत नाही. दैनंदिन हालचालींवर दुखण्याचा किती परिणाम होतो हे शंभरपैकी मोजणाऱ्या मोजपट्टीवर सुधारणा झाली चालू असताना 10.6 गुणांची, बंद असताना 9.3 गुणांची. म्हणजे फरक नाहीच. झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यानंही कंबरदुखीसाठी हे यंत्र संशोधनाबाहेर वापरायला उपलब्ध पुरावा आधार देत नाही असंच म्हटलं. या नॉर्वेच्या चाचणीवर आक्षेप घेतले गेले, तिथं वापरलेली स्पंदनांची पद्धत नेहमीच्या वापरातली नव्हती, वगैरे. ते आक्षेप मी वाचले. काही पटले. तरीही ते 50 जण म्हणजे माझीच माणसं आहेत, तीच पाठ, तोच पाय, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणं मला जमत नाही.

यावर कुणी म्हणतं, "बघा, म्हणजे सगळं मनाचंच." याची मला चीड येते. त्या चाचणीनं प्रश्न विचारलाय तो यंत्राला. त्या माणसांच्या दुखण्यावर तिनं शंका घेतलेली नाही, ते तर यंत्र चालू असतानाही उरलंच होतं. दुसऱ्या बाजूला, एखाद्या केंद्रात हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो लावून "वेदनामुक्त आयुष्य" लिहिलेलं असतं, त्याचीही तितकीच चीड येते. मला आलेल्या अंदाजपत्रकातली रक्कम सात आकडी होती. पेन्शनीतून, जमिनीच्या तुकड्यातून, मुलांच्या कर्जातून हा पैसा उभा राहतो. तो भरण्याआधी माणसासमोर 2007 चे आकडे आणि 2022 चे आकडे शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत, त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशा शब्दांत. मला ते सही झाल्यानंतर, स्वतः शोधल्यावर मिळाले. आधी मिळाले असते तरी मी बसवलं असतं का? बहुतेक हो. पण निर्णय तेव्हा माझा झाला असता.

बसवल्याला आता काही वर्षं झाली. उजव्या कुल्ल्याच्या वर कातडीखाली बॅटरी आहे, हात लावला की कडा लागते. दर काही दिवसांनी कमरेला चार्जरचा पट्टा बांधून बसावं लागतं. मी तेव्हा पेपर वाचते. उताणं झोपलं की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो आणि मुंग्या वाढतात, म्हणून झोपताना रिमोटनं कमी करायच्या. शिंक आली की पायात झटका. विमानतळावर कार्ड दाखवायचं. एमआरआय करण्याआधी यंत्राचं मॉडेल सांगायचं, सगळ्या यंत्रांना तो चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिजिओथेरपीला गेलात तर पहिल्या वाक्यात यंत्राबद्दल बोला: डायथर्मीचा, म्हणजे यंत्रातल्या विद्युतलहरींनी आत खोलवर ऊब देणारा शेक चुकूनही घ्यायचा नाही. त्यानं तारा तापून मज्जारज्जूला गंभीर इजा होऊ शकते. आपल्याकडे गल्लोगल्ली तो शेक देतात, त्यामुळे हे मी भेटेल त्याला सांगते.

पायाचं दुखणं आज चार-पाचवर असतं. ट्रायलमधला तीन टिकला नाही. काळानुसार परिणाम ओसरतो असं बऱ्याच जणांचं होतं. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिनची गोळी कमी झाली, बंद झाली नाही. कंबर पूर्वीइतकीच दुखते. वहीतल्या चार गोष्टींपैकी तीन जमतात. नवश्या गणपतीला रिक्षानं जाते.

ओळखीच्या ओळखीतून फोन येतात. परवा जळगावकडच्या एका बाईंचा आला, यजमानांची दोन ऑपरेशनं झालेली, शेतकरी माणूस. "ताई, ते लावलं की जाईल ना हो दुखणं?" मी म्हटलं, जाणार नाही. कमी होईल का, ते ट्रायलमध्येच कळेल. पैशाचं वचन त्याआधी कुणाला देऊ नका. ट्रायलच्या दिवसांत पडून राहू नका, नुसतं पडून राहिल्यानंही बरं वाटतं आणि मग कशानं बरं वाटलं ते कळत नाही. बंधनं पाळून जे जे एरवी होत नाही ते करून बघा: जिने चढा, जेवायला पाटावर नको पण टेबलाशी पूर्ण जेवण होईपर्यंत बसा, त्या कुशीवर झोपा. आकडा लिहिताना डॉक्टरांना बरं वाटेल म्हणून कमी लिहू नका. खर्च झालाय म्हणूनही नको. आराम निम्म्याहून कमी असेल तर तारा काढून घरी या, त्यात कुणाचा काही अपराध नाही.

त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि फोन यजमानांकडे दिला. ते म्हणाले, "ट्रॅक्टरवर बसून बघितलं तर चालेल का?" मी म्हटलं, नाही दादा, त्या हादऱ्यांनी तार सरकेल. पण ट्रॅक्टर चालवायचा आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, आणि यंत्र बसवल्यावर तो कधी चालवता येईल, येईल की नाही, ते तारा घालायच्या आधी विचारून घ्या.